थोरल्या सुताराचं उत्तर

५ मार्च

प्रिय चष्मेवालीस,

अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद तुला चालत नाहीत हे ठाऊक आहे, पण पत्राच्या सुरुवातीला तरी मला थोडा मोठेपणा मिळू दे.)

सुखरूप पोचलो. नदीच्या पूर्व काठावर जुनी लाकडाची वखार आहे, तिच्या पहारेकऱ्याची खोली मिळालीय. खाट आहे, कंदील आहे, छप्परही बऱ्याच ठिकाणी आहे. फोनला रेंज नाही, टपालाची होडी आठवड्यातून दोनदा येते, तेव्हा आता पत्रांवरच भागवायचं. गुडघा ठीक आहे. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता मुख्य बातमी. तू ज्याला माझी दुसरी बायको म्हणतेस तो लाकडी खोका मी रोज उजाडताना झाडाला बांधतो आणि थोरल्या सुतारासारखे दोन ठोके देतो. पहिला दणकून, दुसरा लगेच आणि हलका. या जंगलातले बाकीचे सुतारपक्षी नुसती टकटक लावतात, असे दोनच ठोके देणारा फक्त थोरला. तर ऐक, काल पलीकडच्या काठावरून उत्तर आलं. दोन ठोके, अगदी स्वच्छ! मी पुन्हा वाजवलं, पुन्हा आलं. मी लहान मुलासारखा रडलो. हे फक्त तुला सांगतोय.

महिनाअखेर समितीची बैठक आहे. थोरला सुतार नामशेष झाला असं ठरवून त्याचं नाव जिवंत पक्ष्यांच्या यादीतून काढायचा त्यांचा विचार आहे. नाव गेलं की या जंगलाचं संरक्षण उठणार आणि करवती आत शिरणार. आता बघतोच कोण नाव काढतं ते. आवाज रेकॉर्डरवर घेतलाय. मात्र तुझ्या पेंढेवाल्या भावाला यातलं अवाक्षर कळता कामा नये. मी तो पक्षी या डोळ्यांनी पाहिला होता आणि या गृहस्थाने भर सभेत सांगितलं, की दाजींना उन्हाने चकवलं, तो साधा धाकटा सुतार होता. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही ते उगाच नाही.

कळावे. लोभ असू दे, रागही चालेल.

तुझा,
जंगलातला

८ मार्च

पक्षीमहाराजांस सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही रडलात हे वाचून मलाही दुकानात रडू फुटलं. समोर डोळे तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं आपला नंबर फारच वाढलाय. त्यांची समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

माझा भाऊ संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या मेलेल्या पक्ष्यांची धूळ झटकतो आणि तुम्ही जिवंतांच्या मागे रानोमाळ फिरता. भांडण तुमच्या दोघांचं, आणि डोकं उठतं माझं. लेकीच्या लग्नाचा फोटो काल पुसला. त्यात तुम्ही एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, आणि मधे मी वाहतूक पोलिसासारखी उभी. तरी त्याला काही कळवणार नाही. शब्द दिला.

पण एक धंद्यातली गोष्ट सांगते. तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नसली तरी माणसं ती घडाघडा वाचतात. खोटं बोलत नाहीत बिचारी, पण ती ओळ दिसावी असं त्यांना फार वाटत असतं. म्हणून मी तक्ता बदलून पुन्हा विचारते. तुम्हीही जागा बदलून वाजवून बघा. पक्षी खरा असेल तर त्याचं काही बिघडणार नाही.

गुडघ्याला पट्टा लावा. खोक्याला माझा नमस्कार सांगा, सवत असली म्हणून काय झालं.

वाट पाहणारी,
पहिली बायको

९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

मी संग्रहालयात रजा टाकून जंगलात आलोय. नदीच्या पश्चिम काठावर पाण्याची पातळी मोजायची जुनी चौकी आहे, तिथे राहतोय. महिनाअखेरच्या बैठकीत मला मत द्यायचंय. पक्षी उरलेला नाही असं मी इतकी वर्षं खुर्चीत बसून म्हणत आलो. या वेळी वाटलं, जंगलातली ती शांतता आधी स्वतःच्या कानांनी ऐकावी आणि मग म्हणावं. म्हणून आमच्या पक्ष्यांच्या कपाटाचा एक मोडका खण घेतला, त्याचा खोका केला आणि इथे रोज सकाळी ठोके द्यायला लागलो. उत्तर येणार नाही याची मला पक्की खात्री होती.

ताई, उत्तर येतंय.

पलीकडच्या काठावरून येतं. पलीकडे माणूस असेल ही शंका मलाही आली, पण नकाशात तिथे वस्ती नाही, रस्ता नाही, एक लाकडाची वखार होती ती कधीच बंद पडलीय. आमच्या कपाटातले थोरले सुतार मी रोज हातात घेतो, कापसाचे डोळे असलेले. त्यांच्यातलाच एक नदीपलीकडून माझ्याशी बोलतोय असं वाटतं. मी असा वाहवत जाणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण जेवण जात नाही आणि झोप लागत नाही.

दाजींना कळवू नकोस. ते लगेच इथे येतील आणि सगळं श्रेय खिशात घालतील. त्यांनी तेव्हा जो पाहिला तो उन्हाचाच चकवा होता, त्यावर मी ठाम आहे.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारा,
धाकटा भाऊ

१३ मार्च

चि. बंधुराजांस,

अ. उ. आ. पत्र फाडलेलं नाही. आधी नीट जेव, मग शास्त्र कर.

एक काम सांगते ते मुकाट्याने कर. येत्या रविवारी खोक्याला हात लावू नकोस. फक्त ऐक, आणि काय ऐकलंस ते मला लिही. का, ते विचारू नकोस. मला एक शंका आलीय. ती खरी ठरली तर तुला सांगेनच, आणि खोटी ठरली तर माझ्या मूर्खपणावर आपण दोघं मिळून हसू. लहानपणी तुझ्या तापात मी सांगितलेलं कडू औषध तू न विचारता प्यायचास, तसंच हे समज.

लोभ आहेच, तो काय विचारायचा!

तुझी ताई

१९ मार्च

प्रिय चष्मेवालीस,

अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच.

तू म्हणालीस म्हणून जागा बदलली. नदीच्या वरच्या अंगाला गेलो, तिथूनही उत्तर आलं! तुझा तक्ता बदलला तरी ओळ तीच आहे बाई. फक्त परवा रविवारी पठ्ठ्या मुका झाला. वाजवून वाजवून माझे दंड भरून आले, तरी पलीकडे चिडीचूप. जीव नुसता टांगणीला लागला. सोमवारी उजाडलं आणि पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरट्यात काही गडबड असावी असा माझा कयास.

रेकॉर्डिंग समितीला रवाना केलंय. आता तुझा भाऊ काय तोंडाने बोलतो ते ऐकायला कान आतुर झालेत.

तुझाच,
विजयी

१९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू धन्य आहेस. रविवारी मी खोक्याला हात लावला नाही, आणि तरीही तो बोलला! कुणी विचारलेलं नसताना, आपणहून, थांबून थांबून कितीतरी वेळ. फार कासावीस वाटत होता. शास्त्राच्या दृष्टीने याहून भक्कम पुरावा कुठला? ही युक्ती माझ्या डोक्यात कशी आली नाही, याची लाज वाटते.

मी समितीला लेखी मत पाठवून दिलंय, की थोरला सुतार जिवंत आहे आणि त्याचं नाव काढू नये. दाजींच्या त्या जुन्या दर्शनाबद्दल मात्र माझं मत होतं तेच आहे. पक्षी आहे, पण त्यांनी पाहिला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुझी शंका काय होती ते आता सांग. हसायला मी तयार आहे.

तुझा,
आनंदात असलेला भाऊ

२३ मार्च

तुम्हां दोघांस,

एकच मजकूर दोनदा लिहून दोन काठांना पाठवतेय. दोघांनाही बसून वाचायची विनंती.

वखार रिकामी नाही, तिच्यात माझा नवरा राहतोय. पाण्याच्या चौकीत माझा भाऊ राहतोय. दोघांकडे खोका आहे, दोघांनी मला गप्प राहायची शपथ घातलीय, आणि दोघं रोज सकाळी एकमेकांना उत्तर देतायत. रविवारी भाऊ गप्प बसला म्हणून नवऱ्याला उत्तर मिळालं नाही. नवरा वाजवत राहिला म्हणून भावाला वाटलं पक्षी आपणहून बोलतोय. थोरला सुतार यात कुठेच नाही.

हे कळल्यावर मी लगेच लिहिलं नाही. दोन दिवस विचार करत बसले. मी गप्प राहिले असते तर नाव यादीत राहिलं असतं, जंगल वाचलं असतं, आणि तुम्ही दोघं माझ्या घरात एका टेबलावर जेवला असता. माझ्यावाचून हे कुणाला कधी कळलंही नसतं. मला ते फार हवं होतं, अजूनही हवं आहे. पण उद्या तुम्ही दोघं आनंदाने माझ्यासमोर बसाल आणि मला तुमच्या तोंडाकडे बघता येणार नाही, हे काही मला झेपणार नाही.

बैठकीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी तिकडे कुणाला काही कळवणार नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, एकमेकांवर पुरे झालं.

तुमची दोघांची

३० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बैठक झाली. दाजी स्वतःहून सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितोय.

तुझं पत्र मला निघायच्या दिवशी मिळालं. वाचून आधी घाम फुटला आणि मग इतका हसलो की चौकीचा रखवालदार बघायला आला. दाजींना पत्र मिळालं की नाही ते मला ठाऊक नव्हतं. मी माझं मत मागे घ्यायचं ठरवूनच सभागृहात गेलो.

रेकॉर्डिंग लावलं गेलं. मग माझं लेखी मत वाचलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जे कालपर्यंत दाजींना वेडा म्हणत होते ते उठून त्यांचा हात हातात घेत होते. ताई, खरं सांगतो, त्या टाळ्यांत मी बसूनच राहिलो. उठायचं होतं आणि उठवेना.

तेवढ्यात दाजी उठले. त्यांनी सांगितलं, की आपण सगळ्यांनी आत्ता ऐकला तो माझा मेहुणा आहे. वाजवतो बरा, फक्त दुसऱ्या ठोक्याला जरा घाई करतो. लोक खो खो हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, की हे सांगितल्यावर तुमच्याजवळ काहीच पुरावा उरत नाही, हे कळतंय ना? दाजी म्हणाले, कळतंय. पक्षी आहे, पण हा तो नव्हे. एवढं बोलून ते खाली बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

मग मात्र मी उठलो. मी सांगितलं, की या गृहस्थांना पक्षी दिसावा असं वाटत होतं म्हणून तो दिसला, असं मी आजवर म्हणत आलो. आज या खोलीत त्यांना तो कधी नव्हे इतका हवा होता. आपण सगळ्यांनी तो त्यांच्या हातावर ठेवला होता, आणि त्यांनी तो परत केला. जे नाही ते पाहणारा हा माणूस नाही. ते पाहिला म्हणतात, तर पाहिला. त्यांच्या जुन्या दर्शनावरचा माझा आक्षेप मी मागे घेतो, तशी नोंद करा.

बराच वेळ चर्चा झाली. आक्षेपच उरला नाही तेव्हा ते दर्शन नोंदीत धरावं लागलं, आणि दर्शन नोंदीत असताना नाव काढता येत नाही. नाव राहिलं. जंगलाला पुढच्या हंगामापर्यंत हात लागणार नाही. अध्यक्षबाईंनी एक अट घातलीय, की जंगलात यापुढे कुणीही खोका नेऊ नये.

बाहेर पडल्यावर दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तुझ्या कडू औषधाचा ऋणी,
भाऊ

३ एप्रिल

प्रिय चष्मेवालीस,

आज आशीर्वाद नाहीत, नमस्कार.

तुझं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. आधी तुझा राग आला, मग खोक्याचा, मग माझाच. रात्रभर मनाशी म्हणत होतो की पत्र मिळालंच नाही असं धरून चालावं. सकाळी दाढी करताना ते जमलं नाही. तुझ्याबरोबर इतकी वर्षं राहून माणूस बिघडतो तो असा.

तुझ्या भावाने सभेत जे सांगितलं, त्याहून मोठा आनंद मला पक्षी सापडूनही झाला नसता, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे, झाला असता. त्याच्या खालोखाल मात्र हाच.

घरी न येता परस्पर इकडे आलो, त्याबद्दल काय ओरडायचं ते भेटल्यावर ओरड. तुझा भाऊ बरोबर आहे. वखारीच्या खाटेवर तो झोपतो, मी जमिनीवर, कारण तो घोरतो आणि वर घोरलेलं बरं. इतके दिवस दोन्ही काठांवरून आम्ही असा धुमाकूळ घातला होता, की कुठल्या शहाण्या पक्ष्याने तोंड उघडलं असतं? तेव्हा पक्षी नाही असं अजून कुणी शोधून काढलेलंच नाही, हे तुझा भाऊही मान्य करतो, आणि तेही लेखी.

दुकानाला आठवडाभर कुलूप लाव आणि ये. इथे जागा आहे. आम्ही तिघं उजाडताना नदीकाठी गप्प बसू. दोन्ही खोके मी समितीच्या कपाटात जमा करून आलोय. आता जे वाजेल ते त्याचंच असेल.

लोभ घेऊन ये.

तुझा