फर्नला ऐकू येत नाही

शनिवार, ८ मार्च

पुन्हा तेच! तिन्ही मेंढ्या टेकडीवरून सरळ खाली आल्या, दोन्ही फाटकांमधून निघाल्या, आता शेवटच्या कुंपणात तेवढ्या कोंडायच्या — आणि माझ्या कुत्रीने, फर्नने, उजवीकडे वळायला उशीर केला. एक मेंढी सुटली, तिच्यामागे बाकीच्या. मेंढ्या वळायच्या स्पर्धेतून सलग तिसऱ्या वर्षी हात हलवत परत. शिट्टी मी वाजवली होती. सगळ्या मैदानाने ऐकली.

रागाने आणखी एक लांबलचक मारली, तेव्हा बाईसाहेब पोटावर सरपटत पायाशी आल्या. नुसती नाटकं. घरी आणून साखळीला बांधली. आज जेवण नाही.

चहाच्या तंबूत सगळे विचारायला लागले, काय झालं म्हणून. तोंडातून निघून गेलं, तिला हल्ली ऐकू येत नाही. मग काय, सगळे हळहळले. शेजारच्या हेझल प्रिंगलने लोणी लावलेले गोड पाव, स्कोन, आणून दिले. इतकं बरं वाटलं की दोन खाल्ले.

रविवार, ९ मार्च

जीनच्या कानावर गेलंच. रात्री तिने हाडांच्या डब्याचं झाकण उघडलं तर फर्न साखळी ताणून उभी राहिली म्हणे. मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. पण थोरली बहीण घरात असली की वर्तमानपत्राचा काही उपयोग नसतो.

"आधी बाबांनी तुला चांगला कुत्रा दिला नाही. मग वेन्डीने संसारात तुला सुख दिलं नाही. आता फर्न. कॅलम, तुझ्या आयुष्यात तू कधी असतोस का रे?"

मी पान उलटलं. पण बाबांनी चांगला कुत्रा खरंच दिला नव्हता.

मंगळवार, ११ मार्च

फर्न गेली. हेझलने मागितली, मी दिली. नवरा गेल्यापासून ती एकटीच मेंढरं सांभाळते. स्पर्धेत दरवर्षी उतरते, नंबर कधीच येत नाही, आणि तरी दरवर्षी हसत घरी जाते. बहिरी तर बहिरी, सोबत होईल म्हणाली.

खरं सांगायची वेळ हीच होती. गाडीत चढताना फर्नने वळून माझ्याकडे पाहिलं. मी बादली शोधायला शेडमध्ये गेलो. बादली हातातच होती.

रविवार, २३ मार्च

मॉस आला. काय कुत्रा आहे! याच्या जिवावर आधीच्या मालकाने ओटागो प्रांतभर बक्षिसं मारली. आता बघाच म्हणावं.

शनिवार, ५ एप्रिल

लिहायचं नव्हतं. लिहितोय.

मॉसने टेकडी सुरेख केली. फाटकं सुरेख. शेवटच्या कुंपणापाशी उजवीकडे वळायला उशीर — आणि मेंढ्या पांगल्या. कुत्रा वेगळा, मेंढ्या वेगळ्या, मैदान वेगळं. त्याच जागी, तसंच. दोन्ही वेळा सारखं काय होतं ते कळतंय, लिहायला हात धजत नाही.

नंतर हेझल उतरली, फर्नला घेऊन. तोंडात शिट्टी नाही. नुसते हात — हा उचलला की फर्न डावीकडे, तो उचलला की उजवीकडे. दर वळणावर फर्न तिच्याकडे बघत होती. माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नाही. मेंढ्या जणू घरी निघाल्यासारख्या कुंपणात शिरल्या. पहिला नंबर!

सगळं मैदान उभं राहिलं. भलेभले मेंढपाळ डोळे पुसत होते, बहिरी कुत्री म्हणून. हेझलने कप हातात घेऊन माइकवर सांगितलं, ही मला कॅलमने दिली. माझ्यासाठीही टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं मला भरून आलंय.

सोमवार, ७ एप्रिल

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. माझी शिट्टी उशिरा जाते ती कदाचित मलाच मेंढ्यांची चाहूल नीट ऐकू येत नसल्यामुळे, असा विचार. मनातून वाटत होतं, काहीतरी बिघडलेलं निघू दे. डॉक्टर म्हणाली, तुमच्या वयाला इतके चांगले कान सहसा दिसत नाहीत.

नाचता येईना अंगण वाकडं. माझं तर अंगणही सरळ निघालं!

गुरुवार, १० एप्रिल

पेपरात फोटो — हेझल, कप, फर्न. जीनने कापून फ्रिजवर चिकटवला. दुधासाठी फ्रिज उघडायला गेलं की फोटोतून फर्न बघते. आज चहा बिनदुधाचा घेतला.

रविवार, १३ एप्रिल

गेलो हेझलकडे. बूट काढायच्या आधीच सगळं ओकून टाकलं. फर्न बहिरी नाही, मी खोटं बोललो, उशीर माझ्याच शिट्टीला होत होता.

ती स्कोनचं पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.

"मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. किटलीचं झाकण वाजलं आणि ही उठून बसली."

मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. ती म्हणाली, तिने कुणापुढे फर्नला बहिरी म्हटलेलं नाही. ते मी म्हटलं होतं, परतही मीच घ्यावं. बरोबरच आहे. शनिवारी पुढच्या स्पर्धेत, चहाच्या तंबूत सगळ्यांसमोर सांगणार आहे. स्कोन कुणी आणून देणार नाही.

निघताना राहवलं नाही. ऐकू येतं हे माहीत असताना हातांनी का शिकवलं, विचारलं. आता मात्र तिचे हात थांबले.

"शिट्टी वाजवून पाहिली की. ती पोटावर पडली, कॅलम. थरथरायला लागली. मग मी शिट्टी चुलीत टाकली."

फर्न चुलीपाशी झोपली होती. मी आत आल्यापासून उठलीच नव्हती. झोपली नव्हती ती. कान पाडून माझ्या बुटांकडे बघत होती.

घरी येताना गाडी दोनदा थांबवावी लागली. नाटकं म्हणालो होतो मी त्याला. साखळीला बांधलं होतं. उपाशी ठेवलं होतं. वेन्डीही शेवटी शेवटी माझी गाडी दारात आली की गप्प व्हायची, आणि मी म्हणायचो हिचा स्वभावच घुमा.

सोमवार, १४ एप्रिल

सकाळी मॉसला कुरणात नेलं. शिट्टी नुसती तोंडाला लावली. वाजवायच्या आधीच त्याचे कान पडले.

परत आलो आणि हेझलला फोन केला. म्हटलं, शिकवशील का? कुत्र्याला नाही. मला.