नवऱ्यामुलाच्या हातातलं लोखंड

मुलुंड,
ता. ६ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप बायस, धाकट्या बहिणीचा, रुक्मिणीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझ्या ओरडण्याने शेजाऱ्यांना आपल्या घरचं सगळं कळतं, म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस, तुझ्यामागून मीही शाळा सोडलीच ना. बातमी अशी की आपल्या निलेशचं लग्न ठरलं! मुलगी अस्मिता, अंधेरीची, इस्पितळात नर्स आहे. कुळथाची पिठी करता येते का म्हणून विचारलं, तर म्हणाली खाता येते. मला भारी आवडली.

पण तिला बघायला जाताना काय झालं ते ऐक. नातू माझा मेट्रोत नोकरीला, घाटकोपर स्टेशनवर. आम्ही तिथूनच निघालो. दारात तपासणीच्या बाईने माझ्या कमरेला यंत्र लावलं तर ते केकाटलं. कनवटीची घडीची सुरी गं, दुसरं काय! बाईने विचारलं, आजी, ही कशाला? मी सांगितलं, पेरू कापायला, गजऱ्याचा दोरा तोडायला, पिशव्या फोडायला. हल्ली बिस्किटाचा पुडासुद्धा दाताने फुटत नाही, आणि दात तरी कुठे आहेत. तर म्हणे आत नेता येणार नाही. निलेश कानापर्यंत लाल. शेवटी त्याच्या बहिणीला, श्रुतिकाला, सुरी देऊन रिक्षाने पाठवलं. ती पोचली तेव्हा पोहे संपले होते.

श्रुतिका वकिलीचं शिकते. घरी आल्यावर मी तिला विचारलं, मी गुन्हेगार का गं? ती म्हणाली, पातं नऊ इंचांहून लांब नाही, दोन इंचांहून रुंद नाही, आणि सुरी घरकामाची, मग परवाना लागत नाही. पण कशाला बाळगलीस हे पोलीस विचारू शकतात, आणि त्यांचा मनाईहुकूम असला की तोही आधार नाही. मेट्रोच्या दारात तर मेट्रोचाच नियम. आपलं पातं बोटाएवढं, पण मेट्रोला त्याचं काय!

आता माझी खरी काळजी. हळद लागल्यावर नवऱ्यामुलाच्या हातात लोखंड हवं, नाहीतर दृष्ट लागते. आमच्या लग्नात ह्यांच्या हातात हीच सुरी होती, टोकाला लिंबू. आणि निलेश म्हणतो, वऱ्हाड मेट्रोनेच जाणार, कामावरचे सोबती सगळे स्टेशनवर वाट बघणार आहेत. लोकांना रोज सुरी आत नेऊ देत नाही आणि माझ्या लग्नात मीच घेऊन जाऊ, नोकरी घालवू का, असं तोंडावर बोलला. मी म्हटलं, लोखंडाशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही. तेव्हापासून आमचा दोघांचा अबोला आहे. लग्नघर आणि आजी-नातू बोलत नाहीत, बरं दिसतं का? काय करू ते लवकर कळव.

तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझी रुक्मिणी


मालवण,
ता. १५ एप्रिल २०२५

चि. रुक्मिणीस सुंदराबाईचे अनेक आशीर्वाद.

लग्नाचं वाचून गूळ वाटला. गुडघा धड नाही म्हणून येववत नाही, रागावू नको.

गो, इथे माणसं कमरेच्या आकडीला कोयती लावून एसटीत बसतात. कंडक्टर जरा सरकून उभा राहतो, एवढंच. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. तुझ्या मुंबईत कोणाच्या कमरेला काय आणि मनात काय, हे कोणाला ठाऊक? ती तपासणारी बाई बरोबर वागली. पोराच्या भाकरीवर सुरी चालवू नको.

आणि लोखंड हवं ते काय धारेसाठी? बाळाच्या उशाखाली आपण अडकित्ता ठेवतो, तो काय बाळाने मारामारी करायला? तू लहानपणापासून हट्टी, पण डोकं तरी चालव. ती मेट्रो कशाची असते? मातीची?

नातसुनेला माझा आशीर्वाद सांग. मला विसरू नको.
तुझी बाय


मुलुंड,
ता. १२ मे २०२५

तीर्थस्वरूप बायस रुक्मिणीचा साष्टांग नमस्कार.

लग्न झालं! झकास झालं! तुझं पत्र मी निलेशला मोठ्याने वाचून दाखवलं. तो गालात हसला आणि म्हणाला, आजी, मेट्रो स्टीलची असते. मी म्हटलं, स्टील म्हणजे शिकून आलेलं लोखंडच ना रे? अबोला तिथेच मोडला.

सुरी घरी फडताळात ठेवली. कमर हलकी हलकी वाटत होती, सारखा हात जात होता. हळदीच्या अंगाने निलेश निघाला, हातात नुसतं लिंबू. तपासणीला तीच बाई होती. तिने यंत्र फिरवलं, ते गप्प. मग तिनेच विचारलं, नवरदेव, तुमची कट्यार कुठे? तिच्या गावाकडेही हीच रीत असणार. निलेशने वर फलाटावर येणाऱ्या गाडीकडे बोट केलं.

गाडीत माणसं उठून त्याला जागा देत होती, मुंडावळ्या बघून फोटो काढत होती. मी त्याला मधला खांब दाखवला आणि बजावलं, हा धर, सोडू नकोस. बाय, शिकलेला मुलगा तो, नोकरीवाला. पण अंधेरी येईपर्यंत एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात खांब धरून उभा राहिला. एकदाही बसला नाही.

गुडघ्याला जप. तुझा लोभ मला पुरून उरतो, तो कमी करू नकोस.
तुझी रुक्मिणी