चौदावी जोडी

९ मे, शनिवार, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुझी दोन पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत. एक सप्टेंबरातलं, एक जानेवारीतलं. दोन्हींना उत्तर नाही. 'वेळ मिळाला नाही' असं आधी लिहिलं होतं, पण ते खोटं आहे म्हणून कागद बदलला. वेळ होता. माफ कर.

इथे सगळे बरे आहेत. शाळेच्या परीक्षा संपल्या, पेपर तपासून दिले. हे आपल्या गुडघ्याचं कौतुक करत घरातल्या घरात फिरतात, डॉक्टर म्हणाले चाला तर मोजून शंभर पावलं चालतात. बाकी माझ्या संध्याकाळी केंद्रातच जातात, तुला ठाऊकच आहे.

केंद्र तू आता ओळखणार नाहीस. बास्केटबॉलच्या मैदानाला नवं कुंपण झालं. मागच्या खोलीत, जिथे आपण चटया ठेवायचो, तिथे अभ्यासवर्ग भरतो. एकेचाळीस जण येतात. त्यात एक बावन्न वर्षांचे वेल्डर आहेत, मुलं त्यांना काका म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. बुधवारच्या प्रार्थनेत त्यांनी शास्त्रपाठ वाचला. सात ओळी. चार मिनिटं लागली. समोर साठ तरुण पोरं, ज्यांना एरवी दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही, पण एकानं पाय हलवला नाही. वाचून झाल्यावर काका कपाळ पुसत म्हणाले, "लोखंड जोडणं परवडलं, पण ही जोडाक्षरं जीव घेतात." मग जे हसू फुटलं, ते मला प्रार्थनेचाच भाग वाटलं. अशा वेळी वाटतं, या जागेनं माणसांचं किती भलं केलंय, आणि आपण तिच्या लायक आहोत का.

सर एक्याऐंशीचे झाले. काठी घेऊन रोज पाचला हजर. खुर्ची दिली की रागावतात. परवा एका उंच मुलाला म्हणाले, "हात एकीकडे, नजर दुसरीकडे, चेंडूनं बिचाऱ्यानं जायचं कुठे?"

पोहण्याचा विभाग अजून माझ्याकडेच आहे. जोड्यांची पद्धत सरांनी घालून दिली तशीच चालू आहे. दर दहा मिनिटांनी शिट्टी, प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा, आणि जोड्यांनी ओळीनं आपापला आकडा ओरडायचा. ज्याची जोडी अपुरी, ते दोघंही दिवसभर पाण्याबाहेर. पोरांना जाच वाटतो. मागच्या वर्षी दोन मुलींनी चलाखी केली. जोडीदारीण खाऊ आणायला गेली, तर हिनं स्वतःचेच दोन हात एकमेकांत गुंफून वर केले. लांबून दोघींचेच वाटतात. पण स्वतःचे हात धरले की कोपरं जवळ येतात. मी एका नजरेत ओळखलं. सगळे म्हणतात, बाईंची नजर भारी. मी पुढची जोडी मोजते.

आता तुझ्या लेकीचं. वसतिगृहात रमली आहे. डाव्या हातानं चेंडू टाकते आणि समोरच्या मुलीला कळेपर्यंत टोपलीत गेलेला असतो. रविवारी उपासनेत लहान मुलांचा वर्ग घेते. मागच्या वेळी तिथे एका मुलानं विचारलं, देव पोहू शकतो का? ही म्हणाली, "त्याला गरज नाही, तो पाण्यावरून चालतो, पण तुला आहे, म्हणून सोमवारपासून ये." तुझ्यावर गेली आहे, बोलण्यात आणि चालण्यातही.

मंगळवारी ती कपडे बदलायच्या खोलीबाहेर मला गाठून उभी राहिली. हातात जीवरक्षक वर्गाचा फॉर्म. ती अजून सतराची, म्हणून आईची सही लागते, आणि तू सही न करता तो परत पाठवला होतास. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं, 'मोजणीचं काम आपल्या घरात कोणी घ्यायचं नाही.'

"मावशी, हे काय आहे?"

"आईला विचार."

"आईला विचारलं. ती म्हणाली, मावशीला विचार. तुम्ही दोघी माझ्याशी टेबल टेनिस खेळताय का?"

मी म्हटलं, आई काळजी करते. तर म्हणाली, "काळजी? अगं, ती मला जिन्यावरसुद्धा दोनदा मोजते. आणि मी एकटीच आहे!"

ती हसत होती. मीही हसले. मग घरी येऊन भाजी चिरायला बसले आणि सुरी तशीच हातात राहिली.

ताई, मी हे फोनवर सांगू शकले असते. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. 'जाऊ दे गं' म्हणशील. हे जाऊ द्यायचं नाहीये.

तळ्यावरचं शिबिर. मी पंधराची, तू अठराची, आणि सरांनी त्या वर्षी पहिल्यांदा मोजणी तुझ्या हाती दिली होती. लाकडी धक्क्याच्या टोकाला तू उभी असायचीस, गळ्यात शिट्टी, हातात पाटी. चौदा जोड्या होत्या. मी आणि मुंगी चौदाव्या, शेवटच्या. मुंगी किती बारीक होती ते तुला आठवत असेल, म्हणून तर ते नाव पडलं. दुसऱ्या दिवशी माझी चारशे मीटरची परीक्षा होती. त्या दुपारी मी एकेक फेरी मोजत होते, आणि मुंगी कंटाळून कुठेतरी बाजूला गेली होती. तू शिट्टी वाजवलीस. मी वळून पाहिलं, ती दिसली नाही. वाटलं, असेल इथेच. बाहेर काढलं तर सराव बुडणार. तेरावी जोडी ओरडली. मी माझे दोन्ही हात एकमेकांत गुंफून वर केले आणि ओरडले, "चौदा!"

तू मान हलवलीस आणि पाटीवर खूण केलीस.

मुंगी तेव्हा धक्क्याखाली होती. पायात गोळा आला होता, खांबाला मिठी मारून होती, नाकातोंडात पाणी जात होतं. ती ओरडत होती, पण वर चौदा आकड्यांचा गलका चालला होता. पुढं आठ मिनिटं ती तिथे होती. सरांच्या पायाखालच्या फळीवर खालून धक्के बसले म्हणून ते थांबले, नाहीतर मला पुढचं लिहायचं नाही. बूट आणि घड्याळासकट त्यांनी उडी मारली. मुंगी दोन दिवस दवाखान्यात होती.

इथवर तुला माहीत आहे, फक्त माझे हात सोडून.

संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. मुंगीनं सांगितलं होतं की शिट्टी वाजली तेव्हा ती खाली अडकलेलीच होती. म्हणजे चौदावी जोडी अपुरी असायला हवी होती. सर मला म्हणाले, "तू आकडा दिलास का?" मी म्हणाले, "नाही सर. मी पाण्याखाली होते, शिट्टी ऐकूच आली नाही."

मग ते तुझ्याकडे वळले. तू म्हणालीस, "पण मी चौदा ऐकलं."

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मी खाली गीतांच्या पुस्तकात पाहत होते. आणि तू म्हणालीस, "ती म्हणते नाही, म्हणजे नाही. मला भास झाला असेल, सर. चूक माझी."

ताई, एकोणतीस वर्षं झाली आणि हे एक वाक्य मला पाठ आहे. तू स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवलास. किती सरळ उभी होतीस! रडली नाहीस, कारणं दिली नाहीस, कुणाकडे बोट दाखवलं नाहीस. पुढच्या महिन्यात तू प्रशिक्षक व्हायला जाणार होतीस, त्या यादीतलं नाव तू स्वतः काढून घेतलंस. दवाखान्यात रोज गेलीस. नंतर वर्षभर मुंगीचा अभ्यास घेतलास. मुंगी आता केंद्राच्याच पाळणाघरात कामाला आहे. अजून म्हणते, "तुझ्या ताईमुळे मी दहावी झाले." मी मान हलवते. मान हलवण्यात माझा हात कोण धरेल!

तू पुन्हा पाण्यात उतरली नाहीस. मी परीक्षा पास झाले. बिल्ला मिळाला.

मी रोजनिशी लिहिते हे तुला माहीत आहे, आणि घरात माझ्या प्रामाणिकपणाची थट्टा चालते. वाण्यानं चुकून बिस्किटाचा पुडा जास्त दिला तर परत करायला जाते म्हणून. तर मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी मी माळ्यावरून त्या वर्षीची वही काढली. त्या दिवशी मी लिहिलंय, 'मुंगीच्या पायात गोळा आला. सर्व सुखरूप. देवाची कृपा. उद्या चारशे मीटर.' एवढंच. म्हणजे वहीशीसुद्धा खोटं. आणि खाली देवाची सही घेतल्यासारखं.

कधीकधी मी स्वतःची समजूत घालत आले की तुला ठाऊक असणार. तू मला वाचवायला म्हणून बोललीस. असं मानलं की माझं ओझं अर्धं व्हायचं, शिवाय तुझा मोठेपणाही वाढायचा. पण जिन्यावर दोनदा मोजणारी बाई हे ठाऊक असताना तशी मोजत नाही. तिला खरंच वाटतं की आपल्याला मोजता येत नाही.

गुरुवारी अभ्यासवर्ग सुटल्यावर मैदानाच्या बाकावर सरांशेजारी बसून मी सगळं सांगितलं. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "मग?"

"मग काय सर?"

"मग मला कशाला सांगतेस? मी टपालपेटी आहे?"

मी म्हटलं, माफी मागायची आहे.

"माफी देवाकडे माग. देईल तो. पण तुझ्या ताईचा स्वतःच्या कानांवरचा भरवसा तू घेतलास. तो देवानं परत करायचा? तू घेतलास, तू दे." मग नजर समोरच्या पोरांच्या खेळाकडे वळवली. म्हणाले, "आणि अठरा वर्षांच्या पोरीला मी सगळ्यांसमोर उभं करून विचारलं. खोलीत नेऊन विचारता आलं असतं. तेव्हा सगळी चूक एकट्या तुझीच, असं समजून उगीच मोठी होऊ नकोस."

मी विचारलं, "आता मोजणी दुसऱ्या कुणाकडे देऊ का?"

"वेडी आहेस. खोटा हात कसा दिसतो ते तुझ्याइतकं कोणाला कळणार? तूच करायचीस. आणि पहिल्या दिवशी पोरांना सांगायचंस, तुला ते कसं कळतं."

जीवरक्षक वर्गाचा तो पहिला दिवस पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आहे. मी सांगणार आहे. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं. खरं तर एकोणतीस वर्षं आधी.

फॉर्म सोबत ठेवला आहे, पंचवीस तारखेपर्यंत घेतात. सही कर असं मी म्हणत नाही. तो अधिकार मी घालवला. लेकीची भीती वाटते म्हणून नाही म्हण, अभ्यास बुडेल म्हणून नाही म्हण, मावशीच्या हाताखाली पाठवायची नाही म्हणून तर जरूर नाही म्हण. फक्त आपल्या घरात मोजता येत नाही म्हणून म्हणू नकोस. तू बरोबर मोजलंस. चौदा आकडे झाले होते, तू चौदाही ऐकलेस. त्या धक्क्यावर एकच जण खोटं बोललं, आणि ती तू नव्हतीस.

रागावशील. रागाव. उत्तर नाही आलं तरी मी समजेन, आता नंबर माझा वाट बघण्याचा. पेटी चारला उघडतात, त्याआधी हे स्वतः नेऊन टाकते, घरात ठेवलं तर माझा भरवसा नाही.

तुझ्या विश्वासाचं ऋण आजवर न फेडलेली
तुझी धाकटी

उद्याचं काम, रोजनिशीऐवजी इथे लिहिते, म्हणजे तू साक्षीला राहशील: उपासना सुटल्यावर मुंगीच्या घरी जाणे.