दुसऱ्याची घडी

१५ सप्टेंबर, सोमवार

मले न विचारता फोटो टाकला! दुपारी खुर्चीत डुलकी लागली तेवढ्यात माझ्या मनगटाचा फोटो! नात म्हणावं का पोलीस? आता म्हणे साऱ्या दुनियेच्या फोनवर आनंदरावची घडी फिरून राहिली. खाली लिहिलं — ही घडी १९८६ साली दीक्षाभूमीवर एका अनोळखी माणसानं माझ्या आजोबांजवळ सांभाळायला दिली होती. मालक असेल त्यानं फोन करावा.

"रोशनी, तुले हे कोणी सांगतलं वं?"

"आबांनीच. दवाखान्यात. म्हणे, मी गेलो का फोटो टाक. मालक येईन."

मरतानाही याले मालक आठवला. मी बायको समोर बसून संत्रं सोलून राहिली होती.

जय भीम लिहायचं राहिलंच. तो म्हणे, पानावर पहिले तेच लिहायचं. वही त्याचीच आहे, अर्धी कोरी सोडून गेला. अक्षरंही त्यानंच शिकवली. चुका असतील तर त्याच्या नावावर.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सून म्हणते, "आई, मरदानी घडी बाईच्या हाती शोभत नाही." म्हटलं, मेघा, तुझ्या नवऱ्याच्या हातची तरी कुठं चालू आहे?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

घडी काढली होती. बुधवारी.

हिले चावी देणं नाही, सेल नाही. हात हालला का आतलं चाक फिरते, त्याच्यावर चालते. पातळ, सोनेरी कडा, पांढरं तोंड, चामड्याचा पट्टा — लग्नात मिरवाची घडी, कामाची नाही. पाण्याचा तर दुस्वास. आनंदराव तोंड धुवाले गेला तरी पहिले हिले काढून ठेवे, अन् पुसल्या हातानं परत घाले. "बंद नाही पडली पाहिजे. दुसऱ्याची आहे."

काढून ठेवली का दीड दिवसात आपोआप मरते. मले तेच पाहिजे होतं. तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसली, झाकण लावलं. आज सकाळी पाहली — सहा वीसवर बंद. बरं वाटलं. पहिल्यांदा बरं वाटलं.

मग वरण लावाले डबा खाली उतरवला. डाळीत हात घातला तर — टिकटिक! डबा हालला, तेवढंच पुरलं तिले.

अन् दारातून आवाज आला, "कोणी आलतं का वं?"

वळून पाहलं. दारात कोणी नाही. उन्हात त्याची चप्पल ठेवाची जागा तेवढी.

घडी पुसली, हातात घातली.

२१ सप्टेंबर, रविवार

विहारात पंचशील घेताना आजही चौथ्यावर अडकली. खोटं बोलणार नाही — तिथं तोंडच बंद होते. रोशनीले वाटते, दात नाहीत म्हणून.

लिहूनच टाकते. पान कोणाले सांगाले जात नाही.

शहाऐंशी साल. गिरणी बंद पडली. भोंगा बंद, तर माझ्या माणसाले सकाळ नाही का संध्याकाळ नाही. भिंतीले टेकून बसे. दसऱ्याले मात्र दीक्षाभूमीच्या मैदानावर गेला, नळापाशी लाइन लावाच्या कामावर. एका माणसानं घडी काढून त्याच्या हाती देल्ली — "धर गा भाऊ, अंगावर पाणी घेऊन येतो." तेवढ्यात याले दुसऱ्या गेटवर धाडलं. गर्दी ती! माणूस चुकला. मग यानं माइकवरून पुकाराले लावलं — घडीवाल्यानं आनंदरावच्या घरी यावं. गल्लीसकट पत्ता.

दुपारी जेवाले आला तर घडी मनगटावर. "पाय तुळसा, साहेब दिसून राहिलो का?" हासला! गिरणी बंद पडल्यापासून पहिल्यांदा. जेवला अन् परत ड्युटीवर गेला.

संध्याकाळी दार वाजलं. ओले केस, काखेत गाठोडं.

"आनंदराव इथंच राहते का बाई?"

मी म्हटलं, "इथं त्या नावाचं कोणी राहत नाही."

त्या दिवशी आमच्या गल्लीतून खेड्याचा माणूस उपाशी जात नाही. दारोदार पिठलं-भात मांडून ठेवतो आम्ही, हात धरून बसवतो. त्याले मी पाणी नाही विचारलं. भाताची वाफ त्याच्या तोंडावर जाऊन राहिली होती. मी दार लावलं.

मग आनंदराव आला. चप्पल काढाच्या अगोदर विचारलं, "कोणी आलतं का वं?"

"नाही."

मग दरसाली तेच. दसऱ्याले दिवसभर त्याच नळापाशी बसे, बाही वर करून. म्हणे, मालक घडी ओळखीन. येताना भिवापुरी मिरचीची पुडी आणे, म्हणे स्टॉलवर घेतली. अन् दारात उभा राहून, "कोणी आलतं का वं?"

"नाही."

एकोणचाळीस वेळा. मागच्या दसऱ्याले काठी टेकत आला, दम लागला होता, तरी विचारलं. मी म्हटलं, पहिले बस तरी! मग म्हटलं — नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

फोन आला. उन्नती नावाची पोरगी, भिवापूरची. "जय भीम आजी, ती घडी आमच्या आजोबांची आहे. उकंडराव. लग्नात भेटली होती त्यांना. विचारतात, अजून चालते का?"

जिवंत आहे! पंच्याऐंशीचा! दसऱ्याले येतो म्हणते, पहिले आपल्या घरी, मग मैदानावर.

रोशनी नाचून राहिली. मी म्हटलं, दसऱ्याले मी मौद्याले चालली, विक्कीकडे. मेघा पाहतच राहिली. "सणाच्या दिवशी लहान्या पोराच्या क्वार्टरवर काहून? तिथं काय, पॉवर प्लांटचा धूर खाले?"

"माझा पोरगा, माझा धूर. तुले काय?"

रोशनी दार उघडीन, घडी देईन. माझं काय काम तिथं? म्हातारा तोंड विसरला असन. नसन विसरला तर?

३० सप्टेंबर, मंगळवार

थैली भरली. दोन लुगडी, गोळ्या. घडी रोशनीजवळ द्याची आहे. पट्ट्याचं बक्कल निघत नाही. उद्या काढीन.

१ ऑक्टोबर, बुधवार

उकंडरावनं स्वतः फोन केला. आवाज पातळ पण पक्का.

"वहिनी, मी घडी घ्याले नाही येऊन राहिलो. ती मी आनंदरावले पुढच्याच साली देऊन टाकली, त्याच नळापाशी. तो काढून देत होता. मीच म्हटलं, राहू दे गा, दरसाली चालू दाखवत जा. मी घरची मिरची आणीन. तो गेला हे मले आता कळलं. तुमच्यापाशी बसाले येतो."

मी विचारलं, "माझं... दाराचं सांगतलं होतं त्याले?"

"पहिल्याच भेटीत. मग म्हणे, तिले काही म्हणू नको. मी विचारत राहीन. ती सांगन."

थैली रिकामी केली. तांदूळ निवडून ठेवले.

उद्या दार वाजलं तर मेघानं उठाचं नाही. रोशनीनंबी नाही. विचारलं मले होतं. जवाब मीच देईन.