दोन कपाटं विज्ञानकथा आणि संध्याकाळचं वाचन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्यानं बाइंडर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. बायकोचा दबाव यात धरत नाहीत, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. डॉक्टरांनीही स्पष्टच सांगितलंय की आता फार दिवस नाहीत, तेव्हा आडपडदा ठेवत नाही. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. तिच्यामागे मुलाची. यावर वाद नको.

२. दाबयंत्र, कातरी, सुया आणि सरसाचं भांडं दुकानातल्या माझ्या भागीदाराला. सरस पातळ करायची खोड मात्र त्यानं सोडावी. गेल्या वर्षी त्यानं बांधलेल्या शब्दकोशाची पानं अजून लोकांच्या हातात येताहेत.

३. माझ्या विज्ञानकथा. दोन कपाटं भरून आहेत, सगळ्या मी स्वतः बांधलेल्या. लग्न असो, वाढदिवस असो की कोणाचं ऑपरेशन, मी जन्मभर भेट म्हणून विज्ञानकथाच दिली. शेवटचं पान सरसाच्या एका ठिपक्यानं चिकटवून द्यायची माझी पद्धत, म्हणजे कोणी शेवट आधी बघू नये. लोक हसले. हसू देत.

सून रात्रपाळीची नर्स आहे. तिला छोट्या गोष्टींचा संग्रह द्यावा, एका चहात एक गोष्ट संपते. दमलेल्या माणसाला जाड पुस्तक भेट देणं म्हणजे त्याला ओझं उचलायला लावणं. मुलगा हिशेबनीस. त्याला त्या हिशेब करणाऱ्या यंत्राची गोष्ट द्यावी, जे एक दिवस चक्क रजा मागतं. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई म्हणतात, 'मला त्यातलं शास्त्र कळत नाही हो.' अहो, मला तरी कुठे कळतं! त्यांना दोन चंद्रांच्या गावातल्या भांडकुदळ सासूची गोष्ट द्यावी. नवख्या वाचकाला आधी माणसं द्यावीत, यंत्रं मागाहून.

४. मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. जन्मभर एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा केल्या, म्हणून घरात त्याला भोंगा म्हणतात. माझ्या साठीला त्यानं मला पुस्तक भेट दिलं. उघडलं तर माझंच! त्याच्या लग्नात मी दिलेलं, सरसाचा ठिपका जसाच्या तसा. वर म्हणतो, 'दाजी, खास तुमच्या आवडीचं शोधून आणलं.' तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. त्याला काहीही देऊ नये.

५. पत्नीची नजर गेल्यापासून रोज संध्याकाळी मी तिला वाचून दाखवतो. सध्या एका यानाची लांबलचक गोष्ट चालू आहे. निघालेली माणसं म्हातारी झाली, तरी यान पोचलेलं नाही. पुस्तक मिटलं की ही विचारते, 'अहो, पोचतील ना?' माझ्यामागे तिला कोण वाचून दाखवणार, हा एकच घोर माझ्या जिवाला आहे. मुलाला बसवून पाहिलं. तो मनापासून वाचतो, पण वीजबिल वाचल्यासारखं. ही तिसऱ्या पानाला झोपली. शेजारीणबाईंना मध्येच रडू येतं.

एवढं लिहून झालं होतं. आज सकाळी मेहुणा साक्षीदार म्हणून सही करायला आला. वकीलसाहेबांना उशीर झाला. मी पुढच्या खोलीत कागद घेऊन बसलेलो, आणि आतून हिचा आवाज आला.

'भोंग्या, नुसता बसलायस, तर वाच की जरा.'

'ताई, मला असलं जमत नाही.'

'मग स्टँडवर जन्मभर काय केलंस?'

त्यानं सुरुवात केली ती थेट घोषणेच्या सुरात, की यान फलाट क्रमांक दोनवरून सुटेल. ही खळखळून हसली. कित्येक महिन्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. मग हळूहळू त्याचा आवाज खाली आला. पान संपलं तसं त्यानं कोणी न सांगता उलटलं. यानातली म्हातारी खिडकीशी बसून नातीला समुद्र म्हणजे काय ते सांगते, तिथे तो अडखळला आणि तीच ओळ पुन्हा वाचू लागला.

'ह्यांच्यापेक्षा बरं वाचतोस रे,' ही म्हणाली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

६. म्हणून चौथं कलम रद्द. वर दिलेली सोडून दोन्ही कपाटांतली सगळी पुस्तकं मेहुण्याची. अट एवढीच, की त्यानं रोज संध्याकाळी येऊन ताईला वाचून दाखवावं. पान गाळू नये. तिनं 'पोचतील ना?' विचारलं तर 'बघू या' म्हणावं. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकीलसाहेब म्हणतात. तेव्हा ऐनवेळी खालच्या इस्त्रीवाल्याला वर बोलावलं आहे.

यानाच्या गोष्टीचा शेवट मीही वाचलेला नाही. तिच्याबरोबरच वाचायचा म्हणून ठेवला होता. आता ती दोघं पुढे गेली तर जाऊ देत. माझ्यासाठी थांबू नये.

वरचा मजकूर माझा, अक्षर माझं. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. आत वाचन चालू होतं, म्हणून सगळे हळू बोलले.

सही: बाइंडर, स्वहस्ते
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे इस्त्रीवाले
२. घरचे डॉक्टर
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: मंगळवार, महिन्याची नऊ तारीख