घडी घातलेली गल्ली

सोमवार, ४ मार्च

आज रुजू झाले! सातवा मजला, खिडकीजवळची जागा, फिरती खुर्ची आणि गळ्यात ओळखपत्र. त्यावरच्या फोटोत मी नुकतीच कुणाची तरी बोलणी खाल्ल्यासारखी दिसते, पण ते असो. शिकून बाहेर पडल्याला दोन महिने नाही झाले आणि मी वीजबाजाराची सल्लागार!

काम सांगायला सोपं आहे. कुठल्या भागाला पुढे किती वीज लागेल याचा अंदाज आम्ही बांधतो, तासातासाचा, पार वीस वर्षांपर्यंतचा. वीज बनवणारे आणि विकणारे दोघंही तो विकत घेतात. बाबांना फोनवर समजावलं तर म्हणाले, म्हणजे ज्योतिषीच झालीस की, ठमे, फक्त खुर्ची बरी मिळाली. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि आईने फोन घेतला.

बाबा सुतार. आयुष्यभर भुसा छातीत गेला, आता उशाशी प्राणवायूचं यंत्र अखंड चालू लागतं. आई त्याला ‘माझी सवत’ म्हणते, कारण ते त्यांच्या उशापासून हलतच नाही. त्याच्याशिवाय दहा मिनिटं, फार तर, असं डॉक्टरांनी बजावलंय. रोज सकाळी जाळी पुसायला आई ते मिनिटभर बंद करते, तर तेवढ्यातही बाबा घड्याळाकडे बघत राहतात. वीज गेलीच तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर ठेवलाय.

गुरुवार, ७ मार्च

आमच्या गटाच्या प्रमुखबाईंना सगळे मागून इस्त्रीबाई म्हणतात. का, ते आज कळलं. मागच्या, मिनिटामिनिटाच्या नोंदींच्या आलेखात जिथे जिथे न समजणारा उंचवटा असेल तिथे तो काढून रेघ सपाट करायची, याला इथे ‘इस्त्री मारणं’ म्हणतात. त्या सपाट रेघेवरून पुढचा अंदाज निघतो. नव्या माणसाचं हेच पहिलं काम. मला माझ्याच खोलीच्या आसपासचा भाग दिला, ओळखीचा म्हणून.

नियम दोनच. संगणकावरची दुरुस्तीची खिडकी फक्त गुरुवारी सकाळी उघडते आणि बाराच्या ठोक्याला अंदाज गिऱ्हाइकांकडे जातो. आणि ज्याने घडी घातली, म्हणजे आकडा बदलला, त्यानेच ती मोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

मी एकच उंचवटा काढला, पहाटेचा, रोज नेमाने येणारा. बाई म्हणाल्या, हात बसलाय तुझा. मी आपली फुगले.

शुक्रवार, ८ मार्च

खोलीखालची बेकरी आज बंद. बेकरीवाला आठवडाभरातच माझा दोस्त झाला होता. रोज एक पाव जास्त टाकायचा आणि म्हणायचा, साहेबीणबाई, विजेचं बिल तेवढं कमी करा आमचं. शेजारचा शिंपी सांगत होता, पहाटे विजेच्या भट्टीसमोर बसलेला सापडला. भट्टी गार, माणूसही गार. छाती बंद पडली म्हणे.

फार वाईट वाटलं. दुपारी आलेख पुन्हा उघडला. मी काढलेला उंचवटा भट्टी पेटायच्या वेळेचा होता.

शुक्रवार, १५ मार्च

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आठवडाभर स्वतःला बजावलं. मग काल मुद्दाम परीक्षा घेतली. आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप सकाळी चालतो, त्याचा उंचवटा ओळखून काढून टाकला. पंपाने कुणाचा जीव जात नाही.

आज नळाला पाणी नाही. घरमालकीण जिन्यात उभी राहून अख्ख्या इमारतीचा उद्धार करत होती. वायरमनने पंप उघडला, मिटला, डोकं खाजवलं. म्हणाला, काहीच बिघडलेलं नाही, पण हा चालायचं नावच घेत नाही.

हसायला यायला हवं होतं. आलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

काल पंपाची घडी मोडली, आज पाणी आलं. हिंमत करून बेकरीचा उंचवटाही परत ठेवला होता.

बेकरीच्या शटरला तेच कुलूप आहे. पण शटर हाताला लागलं आणि मी किंचाळले, इतकं ते तापलं होतं. आत भट्टी पेटलीय. तिच्यासमोर कुणी नाही. यंत्रं परत येतात, माणसं येत नाहीत.

मी इस्त्रीबाईंकडे गेले आणि सगळं ओकले. त्या शांतपणे ऐकत होत्या, हे मला जास्त झोंबलं. म्हणाल्या, आपला अंदाज चुकत नाही, बाळा. तो चुकायला लागला तर आपल्याला कोण विचारेल? आणि त्यांनी मला नवा भाग दिला. माझं गाव.

सोमवार, २५ मार्च

आमच्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचा आलेख उघडला. एकूण आकड्याच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आहे, न समजणाऱ्या विजेचा. त्यात एक हट्टी सपाट रेघ आहे, चोवीस तासांची. गेल्या वर्षी यंत्र घरी आलं त्याच दिवशी सुरू झालेली. रोज सकाळी मिनिटभर तुटते.

ती आई आहे, जाळी पुसणारी.

शेजारी लाल अक्षरांत शिफारस आली आहे: इस्त्री मारावी. मी नाही मारली तरी गुरुवारी बारा वाजता यंत्रणा आपोआप मारणार. बाईंना विनवलं, तर म्हणाल्या, कारण लिही आणि आकडा कायमचा बांधून टाक, मग कोणी हात लावणार नाही.

घरी फोन करून बाबांना हॉस्पिटलात हलवा म्हटलं. बाबा म्हणाले, मला काय धाड भरलीय? नोकरी लागल्यापासून तूच आजारी दिसतेस.

गुरुवार, २८ मार्च

बांधला! खिडकी उघडी होती पण यंत्रणा सारखी अडकत होती. बाराला जेमतेम दोन मिनिटं असताना यंत्राचा आकडा टाकला आणि रकान्याच्या तळापर्यंत ओढला. वीस वर्षं. वीस वर्षं माझ्या बाबांच्या उशाशी वीज राहणार. स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले.

शुक्रवार, २९ मार्च

आईचा फोन. कालपासून गल्लीभर वीज नाही. तिने घाबरून लगेच सिलिंडर लावला, आणि मग बघते तो काय, यंत्र आपलं सुरूच. अख्ख्या गल्लीत एकच जागा जिवंत, सवतीची. त्या गडबडीत सिलिंडर बंद करायचा राहिला आणि रिकामा झाला. सिलिंडरवाला सोमवारी येतो म्हणाला. बाबांचा मात्र चेहरा टवटवीत झालाय म्हणे.

गल्ली गेली खड्ड्यात, म्हटलं, माझे बाबा श्वास घेतायत ना! आई हसली. जरा हळू हसली.

सोमवार, १ एप्रिल

वीज नाहीच. वायरमन येऊन गेला, तारा ठीक आहेत म्हणाला. आई फार सावकाश बोलते, प्रत्येक शब्द जड उचलून ठेवल्यासारखा. शेजारची काकू परवापासून ओट्यावर बसलीय, उठतच नाही, असं सांगत होती. समोरची दोन्ही मुलं खेळायला बाहेर आली नाहीत. सिलिंडरवाला गल्लीच्या तोंडाशी आला आणि काय झालं कोण जाणे, तिथेच बसून राहिलाय.

मला कळायला हवं होतं. कळलंच असणार. मी आलेख उघडला नाही.

मंगळवार, २ एप्रिल

आईचा फोन बंद. लागत नाही. लागत नाही.

बुधवार, ३ एप्रिल

गावी निघाले. बसमध्ये ऑफिसचा सिमवाला लॅपटॉप उघडला. मी मूर्ख, मी महामूर्ख. यंत्राचा आकडा मी चुकीच्या रकान्यात टाकला. न समजणाऱ्या विजेचा रकाना शेजारी होता. मी टाकला तो गल्लीच्या एकूण आकड्यात. म्हणजे पुढची वीस वर्षं आमच्या गल्लीत बाबांच्या यंत्राखेरीज काही नाही. दिवा नाही, शेगडी नाही, पंखा नाही. माणूस नाही.

इस्त्रीबाईंना फोन केला, रडले, तुम्ही बदला म्हटलं. म्हणाल्या, ज्याची घडी त्याने मोडावी, उद्या सकाळी खिडकी उघडेल, बाराच्या आत पाठव. एवढं बोलून माझा फोन संपला. लॅपटॉपची बॅटरीही बघून बघून संपत आली. वाटलं, घरी जाऊन चार्ज करू. घरी!

काकू ओट्यावर तशीच आहे. डोळे उघडे. हात लावला तर मऊ, कोमट. श्वास इतका हळू की मला आधी वाटलं—

आई बाबांच्या पायाशी निजलीय. हाक मारली तर पापणी हलते. बाबा उठून बसले होते. गालांवर रंग आलाय. माझ्याकडे बघून ते रडले. म्हणाले, ठमे, मला दुपटीने श्वास येतोय गं, कुणाचा येतोय हा?

सांगितलं त्यांना सगळं.

गुरुवार, ४ एप्रिल. सकाळ

लॅपटॉप बंद पडला. गल्लीबाहेर जाऊन चार्ज करायचं म्हणून निघाले, फाटकाशी जाऊन बसले. का बसले कळलं नाही. परत सरपटत आले. आता मीही या गल्लीचीच.

जिवंत जागा एकच. यंत्राची.

एकाच बोर्डाला यंत्र आणि लॅपटॉप दोन्ही लावून पाहिलं. दोन्ही बंद. यंत्र काढून परत एकटं लावलं तेव्हा सुरू झालं, तोवर बाबांचे ओठ निळे. आकडा यंत्रापुरता आहे. त्याहून कणभर जास्त मिळणार नाही. मीच बांधलाय.

लॅपटॉप पार मेलाय, उठायला निदान अर्धा तास घेईल. बाबांकडे दहा मिनिटं.

पण घडी मोडली तर गल्ली परत— यंत्रही परत— आई परत— बेकरीवाला नाही आला. पण आई अजून गेली नाही, पापणी हलते, आत्ता हलली. हलली ना?

अकरा

हात जड. पेन पडतं.

बाबांना म्हटलं मी नाही करणार. ते म्हणाले आईने तीस वर्षं माझा भुसा झाडला, आता मी तिचा श्वास खाऊ? म्हटलं बाबा नको. म्हणाले, पोरी, ती वायर इकडे दे.

दिली नाही. छातीशी धरून बसलेय. लॅपटॉपची वायर. आईची पापणी बराच वेळ—

साडेअकरा झाले. आता लावलं तरी कसंबसं—

बाबा खाली उतरलेत. वर्षात पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर. यंत्राच्या मागे हात घालून बसलेत, माझ्याकडे बघून हसतायत, सुताराचा हात, जाड, खाचांचा, प्लगवर—

म्हणतायत तू नुसतं लिहीत बस, ठमे, इकडे बघू नकोस, वायर सोड

मी सोडते आहे की ते ओढताय—

यंत्राचा आवाज थां