बाबांचा अस्सल ऊलाँग

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरते, तरी वाकलोय). तुझा खांदा आता वर जातो का? भावोजींच्या शिंका थांबल्या का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. प्रत्यक्षात बाबा एका जागी बसत नाहीत, म्हणून मलाही बसता येत नाही, आणि हे पत्र निम्मं उभ्यानेच लिहून झालंय.

याला कारण ऊलाँग. हा एक चहा असतो. धड हिरवा नाही, धड काळा नाही, आणि त्यात दूध घातलं तर बाबा असं बघतात की जणू आपण त्यांच्या घड्याळात पाणी ओतलं. आपल्या खालच्या मजल्यावर औषधांच्या दुकानवाल्या बाई राहतात ना (तुझ्या खांद्याचं मलम त्यांनीच दिलं होतं), त्या हाच चहा पितात. बाबांनी मोठ्या हौसेने त्यांना एक डबा नेऊन दिला. बाईंनी झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो, पण याला वरून नकली वास मारलाय." झालं! जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, नुसत्या टिकटिकीवरून नकली माल ओळखणारा, आणि चहात फसला! तेव्हापासून घरात बाबा नाहीत, नुसत्या येरझाऱ्या आहेत.

मग दुकानं पालथी घालणं आलं. त्यासाठी माझी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, आणि गाडीत शिकायला आलेली एक विद्यार्थिनी (तिचं पार्किंग मात्र चहाच्या दुकानांसमोर पक्कं झालं). बाबांच्या हातात गरम पाण्याचा थर्मास, डोळ्याला घड्याळाचं भिंग. दुकानदारासमोरच पानं भिजवायची. चांगल्या चहाच्या पानाची वळलेली गोळी सावकाश उलगडते म्हणे, आणि आत अख्खं पान निघतं, कडेला तांबूस झाक असलेलं. भुसा निघाला की पुढचं दुकान. वास मारलेला चहा पहिल्या पाण्याला घमघमतो, दुसऱ्याला मेलेला असतो. एका दुकानदाराने विचारलं, "काका, चहा घ्यायचाय की त्याचं ऑपरेशन करायचंय?" बाबा मान वर न करता म्हणाले, "जरा उजेडातून बाजूला व्हा."

अखेर मनासारखा मिळाला. मग तो करायची तालीम. किटली इवलीशी, ती आधी गरम पाण्याने तापवायची. पानांवरचं पहिलं पाणी ओतून द्यायचं (ते मी चुकून प्यायलो, तर माझं सगळं शिक्षण वाया गेलं असं ठरलं). मग कढत पाणी, आणि रंग सोनेरी दिसला की लगेच गाळायचं. पानं तीच, पाणी दरवेळी नवं.

रविवारी बाई आल्या. बाबांनी भिंग लावून चहाचा रंग तीनदा तपासला. बाईंनी पहिला कप संपवला. दुसरा संपवला. बाबा खुर्चीतून उठले, बसले, परत उठले. तिसऱ्या कपाला बाई म्हणाल्या, "अजून जीव आहे हो पानांत."

"माझ्यातही आहे थोडा," बाबा म्हणाले.

ताई, मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. बाहेरून बाईंचा आवाज आला, "ते दिसतंय मला. बसा आता. किटली मी भरते."

आणि बाबा बसले!

तुझा,
धाकटा

ता. क. : त्या दोघांना लग्न करायचंय. आई गेल्यावर तू आम्हाला सांभाळलंस, म्हणून तुझ्या होकाराशिवाय बाबा पाऊल उचलणार नाहीत. स्वतः विचारायची हिंमत नाही, म्हणून मला लिहायला लावलंय. आता पाठीमागे फेऱ्या मारतायत आणि "चहाचं नीट लिही, उगीच गडबडीत मुद्द्यावर येऊ नकोस" म्हणतायत.

आणखी एक ता. क. : होकार असेल तर लगेच फोन कर. नकार असेल तर मात्र पत्र लिही, आणि तेही सावकाश टाक. तेवढे दिवस तरी बिचारे आनंदात येरझाऱ्या घालतील.